मांडवात ‘दीवार’ : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, सांगली

वाचनालयाच्या चित्रपट गटाची बैठक. ‘दीवार’, ‘शोले’ आणि ‘जय संतोषी माँ’ तिन्ही १९७५ चे, म्हणजे यंदा तिघांनाही ५० वर्षं. ‘दीवार’मधला देवाशी भांडणारा विजय आणि ‘जय संतोषी माँ’मधली शुक्रवारच्या उपासाची देवी एकाच वर्षात, त्याच प्रेक्षकानं डोक्यावर घेतली. त्यावरून विषय निघाला: हिंदी सिनेमात देव मानणं आणि नीट वागणं यांचा एकमेकांशी संबंध काय?

गणेशोत्सवात शेजारच्या पेठेतल्या मंडळाबरोबर तीन संध्याकाळी कार्यक्रम करायचा, असं ठरतंय. पूर्वी याच गल्लीत गणपतीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे, लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. ग्रंथपालांना ते अजून आठवतं.

आमच्या बाई (गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ, हायस्कुलात मराठी शिकवायच्या) म्हणाल्या, “विषय मोठा आहे, पसरेल. एक काहीतरी शोधायला घे.” मग त्यांनीच ठरवून दिलं: देव न मानणारा, तरी सरळ वागणारा, आणि शेवटच्या रिळापर्यंत तसाच राहिलेला माणूस हिंदी सिनेमात शोधून दाखव. मला वाटलं, पाच-दहा तरी सहज निघतील.

१५ जून

‘दीवार’ पुन्हा पाहिला, थांबवत थांबवत.

विजय लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसतो, आई आणि धाकटा भाऊ रवी आत जातात. प्रसाद नको, नमस्कार नको. यादीत पहिलं नाव याचंच लिहिलं होतं. तासाभरात खोडलं.

एक तर तो सरळ वागत नाही. स्मगलिंग करतो. तेवढ्यावरच तो बाद होतो, पण दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. गोदीत हमाली करताना त्याला ७८६ नंबरचा बिल्ला मिळतो. मुसलमान पवित्र मानतात त्या आकड्याचं महत्त्व रहीम चाचा सांगतात, आणि मूर्तीपुढे मान न झुकवणारा हा माणूस तो बिल्ला छातीशी बाळगतो. बिल्ला गोळी अडवतो. शेवटी पळताना तोच हातून निसटतो, आणि विजय संपतो. सलीम-जावेदनी पटकथा इतकी घट्ट बांधली आहे की देव आहे की नाही हा प्रश्न त्यात उरतच नाही. तो आहे, आणि हिशेब ठेवतो आहे.

देवळातला तो प्रसिद्ध प्रसंग. आई इस्पितळात, विजय पहिल्यांदा मूर्तीसमोर उभा. आपण त्याला नास्तिकाचं भाषण म्हणतो. पण जो नाहीच, त्याच्याशी कुणी इतका वेळ भांडत नाही. हा रुसलेला भक्त आहे, वर्षानुवर्षं अबोला धरलेला. मरतोही देवळात, आईच्या मांडीवर.

मग सिनेमातली नीती कुठून येते? रवीकडे बघायला हवं. तो पोलीस इन्स्पेक्टर, पण गुन्हेगार आपलाच भाऊ म्हणून विजयची केस घ्यायला तयार नसतो. मग एका पळणाऱ्या पोराच्या पायावर तो गोळी झाडतो, आणि पोराच्या हातात निघते पाव-रोटी. रवी शिधा घेऊन त्या घरी जातो. घर निवृत्त शिक्षकाचं. आई इन्स्पेक्टरवर चिडते, पण बाप तिला गप्प करतो आणि म्हणतो की चोरी ती चोरीच, एक पैशाची असो की लाखाची. रवी तिथून निघतो आणि केस हातात घेतो.

संपूर्ण ‘दीवार’चा काटा त्या खोलीत फिरतो, देवळात फिरत नाही. त्या खोलीत देव्हारा दाखवल्याचं मला दिसलं नाही, देवाचं नावही निघत नाही. शिक्षकाची भूमिका ए. के. हंगल यांची. नाव वहीत बाजूला लिहून ठेवलं.

२२ जून

मंडळाबरोबर बैठक. अध्यक्ष तरुण आहेत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांचा मुद्दा साधा होता: “बाई, गणपतीच्या मांडवात देवाला शिव्या देणारा सिनेमा नको. वर्गणी देणारे काय म्हणतील?”

बाई म्हणाल्या, “दादा, पंढरपूरला जाता ना? मग जनाबाईनं विठ्ठलाला कारटं म्हटलंय ते कुठं ठेवाल? आणि तुकोबा? ‘माझे लेखीं देव मेला’ कुणी लिहिलं?”

अध्यक्ष गप्प. खजिनदार हळूच म्हणाले, “तुकाराम महाराजांनी म्हटलं तर चालतं, अमिताभनं म्हटलं तर वर्गणी जाते.” सगळे हसले. पण खजिनदारांनी नेमकं बोट ठेवलं. संतांच्या भांडणाला आपण भक्ती म्हणतो, कारण शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. विजयच्या भांडणाचाही शेवट तोच आहे, हे मी त्यांना सांगितलं. ‘दीवार’चे तुकडे दाखवायला मंजुरी मिळाली. आरती आधी, सिनेमा नंतर, या अटीवर.

२९ जून

‘जय संतोषी माँ’. खरं सांगायचं तर हा मी जबाबदारी म्हणून लावला होता, आणि अडकलो.

थोडक्या पैशांतला सिनेमा, मोठे तारे नाहीत, आणि गर्दी अशी की लोक चपला थिएटरबाहेर काढून आत जायचे, पडद्यावर नाणी आणि फुलं टाकायचे. आमच्या गटातल्या एका काकूंनी हे स्वतः केलेलं आहे. गूळ-चणे घेऊन गेल्या होत्या. आरती उषा मंगेशकरांची, शब्द प्रदीप यांचे, आणि ती आरती आजही घरोघरी म्हटली जाते.

पण बघा, या भक्तिपटात वाईट कोण वागतं? नायिका सत्यवतीच्या जावा छळतात, ते ठीक, जावांनी छळायचं हे ठरलेलंच. खरा छळ वरून होतो. संतोषीची पूजा वाढली म्हणून लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी जळतात, आणि तिच्या भक्तिणीची परीक्षा म्हणून तिच्यावर संकटं सोडतात. मत्सर देवलोकात, सोशिकपणा मर्त्यलोकात. सबंध सिनेमात नीट वागणारी ती बाईच, आणि तिची एकच ताकद आहे: ठरलेलं मोडायचं नाही.

फाळके यांनी १९१३ मध्ये पहिलाच सिनेमा केला तो हरिश्चंद्राचा. तिथंही विश्वामित्र ऋषी असून राज्य हिसकावतो, आणि राजा फक्त दिलेला शब्द पाळतो. देव शेवटी प्रकट होतो ते बक्षीस द्यायला. कसोटी तोवर माणसानं एकट्यानं दिलेली असते. म्हणजे आपल्या सिनेमाचा हा साचा आवाज यायच्या आधीपासूनचा आहे.

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला त्यातलं काही दिसलं नाही बाबा. मला ती सासुरवाशीण दिसली.” हे टिपून ठेवलं. चर्चेत त्यांनाच बोलायला सांगायचं.

६ जुलै, आषाढी

सुट्टी घ्यायची होती, पण ‘नास्तिक’ (१९५४) राहिला होता. फाळणीच्या दंगलीत घरचे गमावलेला नायक देव टाकतो आणि शेवटी परत येतो. नाव ‘नास्तिक’ ठेवायचं आणि गोष्ट आस्तिकाची करायची, हा हिंदी सिनेमाचा जुना सराव. लक्षात राहतं ते प्रदीप यांचं गाणं, ‘देख तेरे संसार की हालत’. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. गाणं देवाकडे तक्रार करतं, पण तक्रार आहे ती माणूस बदलला याची. देवाला तिथं साक्षीला बोलावलेलं आहे.

गीतकार साहिर लुधियानवीचं मात्र वेगळं. ‘फिर सुबह होगी’ (१९५८) मधलं आकाशातल्या खुदाविषयीचं गाणं मुकेशच्या आवाजात ऐकलं तर कळतं की हा माणूस रुसलेला नाही, थट्टा करतोय. ‘चित्रलेखा’त (१९६४) संसारातून पळणाऱ्या संन्याशाला तो सरळ विचारतो की तुला देव तरी काय मिळणार. आणि हाच साहिर ‘हम दोनो’त (१९६१) ‘अल्लाह तेरो नाम’ लिहितो. न मानणाऱ्यानं लिहिलेली ती प्रार्थना आज शाळाशाळांत म्हटली जाते. गाणी यादीत धरायची नाहीत असं ठरलंय, नाहीतर साहिरवर थांबून मोकळा झालो असतो.

१३ जुलै

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). हा आमच्या जिल्ह्याचा सिनेमा, असं मी म्हणणार आहे, कुणी काही म्हणो.

औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ च्या सुमारास, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता जमीन द्यायची, कुटुंब बरोबर राहू द्यायचं, शेती करायला लावायची. यामागे मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर होता, गांधींच्या विचारानं भारलेला. गदिमा शेटफळ्याचे, आटपाडी तालुक्यातलेच. त्यांनी ही गोष्ट दिग्दर्शक व्ही. शांतारामांपर्यंत नेली. पुढे बर्लिनला पारितोषिक वगैरे सगळं झालं, पण मूळ मुरमाड जमीन आमच्याकडची.

सहा खुनी, एक जेलर. पडीक जमीन, भाजीपाला, बाजार, दलालांची मारहाण, आणि मार खाऊनही हात न उचलण्याचा शब्द. या सिनेमात ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आहे. भरत व्यास यांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, लताबाईंचा आवाज. प्रार्थनेत मागितलं काय आहे ते नीट वाचलं. पाऊस मागितलेला नाही, सुटका नाही, माफीसुद्धा नाही. आमची करणी अशी असू दे, एवढंच मागणं. देवाकडे जाऊन स्वतःचीच जबाबदारी मागून आणायची, अशी ही प्रार्थना आहे.

आणि कैदी पळत का नाहीत? पहाऱ्याला कुणी नाही. देवाची भीती एकाच्याही तोंडी नाही. त्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे डोळे. माझ्यावर कुणीतरी विश्वास टाकलाय, ही जाणीव. शांतारामांनी ते डोळे पडद्यावर एवढे मोठे केले आहेत की देवाची जागा त्यांनी घेतली आहे, आणि तरी प्रार्थना चालू राहते. दोन्ही एकत्र नांदतात. जेलर प्रार्थना म्हणतो, म्हणून बाईंच्या अटीत बसत नाही. पण पहिल्या संध्याकाळी पूर्ण दाखवायचा तर हाच.

शांतारामांचं हे वळण प्रभात फिल्म कंपनीपासूनचं. ‘धर्मात्मा’ (१९३५) एकनाथांवर, बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत. मूळ नाव ‘महात्मा’, ते सेन्सॉरला चाललं नाही. नाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात, तिथं देवधर्म एका बाजूला आणि माणुसकी दुसऱ्या बाजूला उभी राहते. देव कुणाच्या बाजूनं, हा खटला त्या सिनेमात चालतो.

२० जुलै

‘ओह माय गॉड’ (२०१२) आणि ‘पीके’ (२०१४) एका दिवसात उरकले. दोन्ही आवडले होते, अजूनही हसू येतं. पण आमच्या कामाला उपयोग कमी.

‘ओह माय गॉड’मध्ये कानजीभाईचं दुकान भूकंपात जातं, विमा कंपनी म्हणते ही देवाची करणी, पैसे नाहीत. मग तो देवावरच दावा लावतो. सुरुवात अशी झक्क, आणि मध्यंतरापर्यंत साक्षात कृष्ण मोटरसायकलवरून येऊन मदतीला उभा. ज्याच्यावर खटला, तोच वकिलाचा सल्लागार. शेवटी कानजीला देव आहे हे कळतं. ‘पीके’तही परग्रहावरचा माणूस बुवाला उघडा पाडतो, पण आपल्याला बनवणारा देव तो मानतोच. दोघेही दलालांना धरतात आणि मालकाला सोडतात. बुवाबाजीवर बोलणं गरजेचंच आहे, पण बुवा वाईट निघाला म्हणून देव न मानणारा माणूस चांगला कसा वागतो हे काही कळत नाही.

‘गाइड’ (१९६५) याच दिवशी पुन्हा थोडा पाहिला. भोंदू साधू झालेला राजू गावकऱ्यांच्या विश्वासामुळे पावसासाठी खरा उपास करतो. बारा दिवस. आर. के. नारायण यांच्या कादंबरीत पाऊस आला की नाही हे धूसर ठेवलंय, विजय आनंद यांनी तो पाडला. राजूचा विश्वास देवावर कमी आणि आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांवर जास्त बसतो. जेलरच्या डोळ्यांशी हे जुळतं. टिपलं.

२७ जुलै

‘शोले’. बसंती देवळात नवरा मागायला जाते आणि वीरू मूर्तीमागून देवाच्या आवाजात बोलतो. या प्रसंगावर तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही. आज काय होईल, यावर गटात अर्धा तास गेला. तो इथं लिहीत नाही.

खरा प्रसंग पुढचा. अहमदचं (आपला सचिन पिळगावकर) प्रेत घोड्यावरून गावात येतं. आंधळे इमामसाहेब विचारतात, इतकी शांतता का. गाव घाबरून म्हणतं, जय-वीरूला गब्बरच्या हवाली करू. ज्याचा मुलगा गेला तो बाप म्हणतो, अपमानापेक्षा मरण बरं. मग बांग होते, आणि तो मशिदीकडे निघतो, खुदाला विचारायला की गावासाठी शहीद व्हायला मला आणखी मुलगे का दिले नाहीस.

इमामसाहेब म्हणजे पुन्हा ए. के. हंगल!

वही मागे उलटली. एकाच वर्षी, दोन्ही सिनेमांत, दोन्ही सलीम-जावेदचे. ‘दीवार’मध्ये मुलाला गोळी लागलेला बाप, ‘शोले’मध्ये मुलगा मारला गेलेला बाप. एकाच्या घरात देव दिसत नाही, दुसरा पाच वेळा नमाज पढणारा. आणि दोघांच्या तोंडून सिनेमा आपला निवाडा सांगून घेतो. दोघेही गरीब, म्हातारे, हातात काहीही नसलेले. श्रद्धा असो-नसो, स्वतःचं नुकसान झालेलं असताना जो नियम मोडत नाही, त्याच्याकडे नीती सोपवायची, असा हा हिशेब. नायकाला देवळातला मोठा प्रसंग मिळतो, हंगलना चार वाक्यं. पण कथा हलते ती त्या चार वाक्यांवर.

हंगल स्वतः कम्युनिस्ट, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, शिंपीकाम केलेले, इप्टा या डाव्या नाट्यचळवळीतले. त्यांना इमाम व्हायला काही अडचण पडली नाही.

दुसरी संध्याकाळ ठरली: हे दोन तुकडे पाठोपाठ, मध्ये एक शब्दही बोलायचा नाही.

३ ऑगस्ट

सापडला. आणि निघाला मराठी.

‘सारांश’ (१९८४), महेश भट्ट. शिवाजी पार्कात राहणारे निवृत्त शिक्षक बी. व्ही. प्रधान, भूमिका तिशीही न ओलांडलेल्या अनुपम खेरची. पत्नी पार्वती, रोहिणी हट्टंगडी. मुलगा न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून मारला गेलेला. त्याच्या अस्थी मिळवायला हा म्हातारा कस्टमच्या कचेरीत जाऊन भांडतो.

प्रधानांचा देवावर भरवसा नाही, पुनर्जन्मावर तर नाहीच. पार्वतीबाई गुरूच्या शब्दावर विसंबून मानतात की भाडेकरू मुलगी सुजाताच्या पोटी आपलाच अजय परत येतोय. त्या सुजातावर पुढाऱ्याचं (निळू फुले, दुसरं कोण) बालंट येतं. प्रधान तिच्या पाठीशी उभे राहतात. नातू मिळेल म्हणून नव्हे, एका मुलीला गुंड त्रास देतायत म्हणून. नवरा-बायको एकाच मुलीला वाचवतात, एक श्रद्धेपोटी, एक न्यायापोटी. इतकं साधं आणि इतकं अवघड कोडं मी दुसऱ्या हिंदी सिनेमात पाहिलेलं नाही. सुजाताला तर फरक पडत नाही कोण का मदत करतंय.

फरक नंतर पडतो. संकट टळल्यावर प्रधान त्या जोडप्याला घर सोडून जायला सांगतात. पार्वतीच्या लेखी ते मुलाला दुसऱ्यांदा घालवणं असतं. पण त्या भ्रमात तिचं आयुष्य आणि दुसऱ्याचं मूल दोन्ही अडकणार, हे त्यांना दिसतं. देव न मानण्याची किंमत त्यांना सगळ्यात जवळच्या माणसाच्या डोळ्यांत बघून मोजावी लागते. कुणी बुवा उघडा पडत नाही, टाळ्या नाहीत.

शेवटी बागेत, जिथं अस्थी विखुरल्या त्या बाकाजवळ फुलं उमललेली दिसतात. बाई म्हणाल्या, “बघ, इथंही वरून खत घातलंच.” मी म्हटलं, राख मातीत गेली तर फुलं येणारच, त्याला देव कशाला? वाद मिटला नाही. पण अटीत बसतोय हे त्यांनी मान्य केलं. पुन्हा एक शिक्षक, हेही त्यांना मनातून आवडलंय.

१० ऑगस्ट

किरकोळ पण डोकेदुखीची कामं. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी: दोन सिनेमांची लेखी मिळाली, एका वितरकाकडून तीन पत्रांनंतरही उत्तर नाही. त्यांच्याकडचे तुकडे गाळून ते प्रसंग तोंडी सांगायचे. ‘शोले’तला प्रसंग सांगायला काकू तयार आहेत, त्यांना संवाद पाठ आहेत. भोंगा रात्री दहाला बंद, बाराची सूट ठरावीक दिवसांनाच. ‘दीवार’ जवळपास तीन तासांचा, पूर्ण दाखवणं शक्यच नव्हतं.

२० ऑगस्ट

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांना जाऊन १२ वर्षं. संध्याकाळी अभिवादनाला गेलो होतो, तिथं डॉ. लागूंचा विषय निघाला. ‘परमेश्वराला रिटायर करा’ लिहिणारे, दाभोलकरांबरोबर गावोगाव ‘विवेक जागर’ करणारे श्रीराम लागू हिंदीत शंभरावर सिनेमांत दिसले. ‘घरौंदा’ (१९७७) साठी फिल्मफेअर मिळालं. पडद्यावर त्यांनी बाप, न्यायाधीश, डॉक्टर असे सभ्य लोक रंगवले, आणि त्यांचा स्वतःचा विचार मात्र हिंदी पडद्यानं त्यांच्या तोंडी दिला नाही. हंगल आणि लागू: चांगुलपणाचे चेहरे म्हणून सिनेमानं दोघांना वापरलं, आणि दोघांची मतं बाहेर ठेवली. चर्चेची प्रस्तावना इथूनच करायची. अध्यक्षांना लागूंच्या लेखाचं शीर्षक आधी सांगून ठेवलं. म्हणाले, “सांगा, पण आरतीनंतर लगेच नको, जरा वेळ जाऊ द्या.”

३ सप्टेंबर

तिन्ही संध्याकाळी झाल्या. पहिल्या दिवशी पावसानं पडदा भिजला, ‘दो आँखें’ वाचनालयाच्या हॉलमध्ये हलवला. प्रार्थनेला अख्खा हॉल उभा राहिला, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हंगल. ‘दीवार’चा तुकडा पडद्यावर, ‘शोले’ काकूंच्या तोंडी. काकूंनी इमामसाहेब असे सांगितले की डॉल्बीवाली पोरंही मागे येऊन उभी राहिली.

‘सारांश’च्या चर्चेत सगळ्यात जास्त बोलणं झालं. एका आजोबांचं म्हणणं, प्रधान देव मानत नव्हते हे खोटं, एवढं चांगलं वागणारा माणूस आतून मानतोच. त्यावर कॉलेजातली एक मुलगी उठली: “आजोबा, म्हणजे चांगलं वागलं की तुमच्यात घेणार, आणि वाईट वागलं की आमच्यात ढकलणार?” मांडवात हशा. आजोबाही हसले, पण मुद्दा सोडला नाही. एका बाईंनी प्रधानांना सरळ दोषी धरलं. बायकोला आणखी काही महिने सुखात राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं, हा त्यांचा सवाल. यावर दहा वाजून गेले आणि भोंगा बंद करावा लागला. तरी पंधरा-वीस जण खुर्च्या गोळा करायच्या निमित्तानं बोलत राहिले.

चर्चेचं रेकॉर्डिंग ग्रंथपालांकडे दिलंय, लिहून काढायचं आहे. अध्यक्षांनी विचारलं, पुढच्या वर्षी ‘जय संतोषी माँ’ पूर्ण लावू या का, बायका येतील. लावू या म्हटलं. पण त्यावरही चर्चा होणार, आणि जळणाऱ्या देवींचा विषय निघणार, हे आत्ताच सांगून ठेवलं.